कपाटाची किल्ली कुणाकडे?

(बालवाडीताई आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

मैत्रिणींनो,

माझ्या सत्राचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर ‘लहान मुलं आणि यंत्रमानव’ असा छापला आहे. तो वाचून मघाशी चहाच्या वेळी आपल्यातल्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या मला म्हणाल्या, “अगं, आमच्या बालवाडीला अजून संडास नाही, पाण्याचा माठ फुटलाय, आणि तू यंत्रमानवाचं काय सांगणार?” त्यांचा प्रश्न मला पटतो. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः हाच प्रश्न विचारला होता. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी सोलापुरात काम करते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतल्यापासून गेली दहा वर्षं माझं काम विडी कामगार बायकांच्या वस्तीत आहे. आमच्या बालवाडीत येणाऱ्या बहुतेक मुलांची घरची भाषा तेलुगू. आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, वडील यंत्रमागावर जातात. काम असलं तर जातात, असं म्हणणं जास्त खरं. हे सगळं मी ज्या वस्तीबद्दल सांगते आहे तिचं, बालवाडीचं, माणसांचं नाव मी घेणार नाही. कारण पुढे तुमच्या लक्षात येईल.

एका देणगीदाराने आमच्या बालवाडीला दोन यंत्रं पाठवली. मागितली नव्हती, आली. आम्हाला हवी होती सतरंजी आणि पंखा. पत्रात लिहिलं होतं, ‘मुलांना अभियांत्रिकीची गोडी लागावी म्हणून.’ एका यंत्राची किंमत आमच्या बालवाडीताईच्या महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त होती. मला राग आला होता, आणि तो मी लपवणार नाही.

आता हे यंत्र म्हणजे काय ते सांगते, म्हणजे भीती कमी होईल. त्याचं नाव बी-बॉट. इंग्लंडमध्ये तयार झालेलं, मधमाशीच्या आकाराचं, पिवळं-काळं, तळहातापेक्षा थोडं मोठं. खाली चाकं, पाठीवर बटणं. पडदा नाही, इंटरनेट नाही, अक्षरओळख लागत नाही. पुढे, मागे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थांब, पुसून टाक, आणि मधोमध ‘चल’. ‘पुढे’ एकदा दाबलं की ते बरोबर पंधरा सेंटिमीटर जातं. ‘डावीकडे’ दाबलं की जागच्या जागी काटकोनात वळतं. पण बटण दाबल्या दाबल्या ते हलत नाही. सगळ्या सूचना आधी ओळीने द्यायच्या, मग ‘चल’ दाबायचं. म्हणजे मुलाला आधी मनात वाट आखावी लागते. कुठून कुठे जायचं, किती पावलं, कुठे वळायचं. हीच प्रोग्रामिंगची पहिली पायरी. मोठमोठ्या कंपन्यांतले लोक जे करतात त्याच्या मुळाशी हेच आहे: काम बारीक तुकड्यांत मोडायचं, तुकडे क्रमाने लावायचे, चुकलं तर कुठला तुकडा चुकला ते शोधायचं.

आणि चुकतंच. मुलांना वाटतं ‘डावीकडे’ दाबलं की यंत्र डावीकडे सरकेल. ते फक्त वळतं आणि उभं राहतं. शिवाय यंत्र आपल्याकडे तोंड करून असेल तर त्याचं डावं ते आपलं उजवं. पाच वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघायला लावणारी ही गोष्ट आहे. आपण मोठी माणसं तरी ते किती वेळा करतो?

तर यंत्रं आली. पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका. बालवाडीत अठरा मुलं, त्यांत दहा मुली. ताईने यंत्र जमिनीवर ठेवलं. क्षणात पाच मुलगे त्याच्याभोवती. मुली मागे, भिंतीला टेकून. ताई म्हणाली, “मुलींनो, तुम्ही फुलं मांडा, मधमाशी फुलावर जाईल.” मुलींनी छान कागदी फुलं मांडली. मुलगे बटणं दाबत राहिले. तासाच्या शेवटी मुलींनीच फुलं गोळा केली, मुलींनीच चटई झाडली, आणि एका मुलीने यंत्र फडक्याने पुसून खोक्यात ठेवलं. तिचा यंत्राला हात लागला तो फक्त पुसताना.

मी तिथे होते. मला ते दिसलं का? नाही. मी फोटो काढत होते. रात्री अहवालासाठी फोटो बघताना लक्षात आलं, की एकाही फोटोत मुलीचं बोट बटणावर नाही. स्त्री-पुरुष श्रमविभागणीवर मी कितीतरी शिबिरं घेतली आहेत, तक्ते लावले आहेत. माझ्या डोळ्यांसमोर पाच वर्षांच्या मुलांमध्ये ती विभागणी झाली आणि मी ‘मुलं किती रमली आहेत’ असं म्हणत होते.

दुसरी गोष्ट कपाटाची. बालवाडी ज्या खोलीत भरते ती खोली वस्तीच्या मंडळाची. मंडळाचे एक पदाधिकारी दुसऱ्या दिवशी आले, म्हणाले, “महागाची वस्तू आहे, ताईच्या हातून मोडली तर भरून कोण देणार?” आणि यंत्रं मंडळाच्या कपाटात कुलूपबंद झाली. किल्ली त्यांच्याकडे. ताईला यंत्र हवं असेल तर त्यांच्या घरी जाऊन किल्ली मागायची. ती एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्यांदा गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “राहू दे ताई, मोडलं तर माझ्या मानधनातून कापतील. आणि मला तरी कुठे येतं त्यातलं?”

मैत्रिणींनो, ‘मोडेल’ हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या घरात मुलगा रेडिओ उघडून बसला तर आपण म्हणतो, हा इंजिनिअर होणार. मुलीने मिक्सरचं झाकण उघडलं तर म्हणतो, हात लावू नकोस, मोडेल. वस्तू मोडण्याची परवानगी ज्याला असते त्यालाच ती दुरुस्त करायला शिकता येतं. ही परवानगी मुलींना नाही, ताईंना नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कधी नव्हती.

आता काहीजणी म्हणतील, यंत्रांची आवड मुलांना उपजतच असते. या बाबतीत अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ माणूस म्हणून आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे मुलग्यांइतक्याच बोट दाखवतात. सहा-सात वर्षांच्या झाल्या की तेच करायला कचरतात, आणि ‘हुशार मुलांसाठीचा खेळ’ म्हटलं की त्यातून अंग काढून घेतात. एका वर्षात त्यांचा मेंदू बदलत नाही. बदलतं ते भोवतालचं बोलणं त्यांना कळू लागणं. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा वर्षांच्या मुलामुलींना यंत्रमानवाला सूचना द्यायला शिकवलं. ज्या मुलींनी ते स्वतः केलं, त्यांची आवड आणि ‘मला हे जमतं’ हा विश्वास, न केलेल्या मुलींपेक्षा जास्त होता, आणि मुलगे-मुलींमधलं अंतर कमी झालेलं होतं. म्हणजे उशीर करून चालत नाही, आणि हात लागल्याशिवाय काही होत नाही.

हे वाचल्यावर मी या विषयाच्या इतिहासात शिरले. आणि तिथे मला बायकाच बायका भेटल्या. संगणक हा पुरुषांचा प्रांत, असं आपण धरून चाललो आहोत. पण १८४३ साली, संगणक प्रत्यक्षात यायच्या शंभर वर्षं आधी, एका न बनलेल्या यंत्रासाठी क्रमवार सूचना लिहून प्रसिद्ध केल्या त्या एडा लव्हलेस या बाईने. १९४६ साली अमेरिकेत एनिअ‍ॅक नावाचा अवाढव्य संगणक जगासमोर आला. त्याच्यासाठी सूचनांची मांडणी करणाऱ्या सहाजणी होत्या. प्रात्यक्षिक त्यांच्या कामावर उभं होतं. त्यानंतरच्या मेजवानीचं आमंत्रण त्यांना नव्हतं. अनेक वर्षं छायाचित्रांखाली त्यांची नावंही नव्हती.

मुलांसाठीच्या प्रोग्रामिंगची गोष्टही तशीच आहे. १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा तयार झाली. त्याबरोबर सीमोर पेपर्ट यांचं नाव सगळे घेतात, आणि ते घ्यायलाच हवं. मुलाने संगणकाला शिकवावं, संगणकाने मुलाला नव्हे, हा विचार त्यांनी मांडला. लोगोच्या सूचनांवर जमिनीवर फिरणारं एक कासव होतं, यंत्राचं. आमच्या मधमाशीची ती आजीच. पण ती भाषा घडवणाऱ्यांत सिंथिया सॉलोमन ही बाई होती. एका नामवंत प्राध्यापकांच्या कार्यालयात सचिवाचं काम करता करता ती प्रोग्रामिंग शिकली होती.

आणि एक नाव राडिया पर्लमन यांचं. १९७०च्या दशकात, एमआयटीमध्ये, त्यांना वाटलं की वाचता न येणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलांनाही हे जमेल. त्यांनी कासवासाठी बटणांची पेटी बनवली, मग खाचांत चित्रांची पत्ती लावून सूचना देता येतील असं यंत्र बनवलं. आजची बटणांची मधमाशी, किंवा लाकडी ठोकळे जोडून चालणारा किबो हा यंत्रमानव, त्याच वाटेवरचे. किबोही मरीना बर्स या बाईच्याच संशोधनातून आला. पण पर्लमन यांनी ते काम पुढे सोडून दिलं. का? त्यांनी नंतर सांगितलं आहे, की आजूबाजूला त्या एकट्याच बाई होत्या. लहान गोंडस मुलांबरोबर काम केलं तर आपल्याला कुणी शास्त्रज्ञ मानणार नाही असं त्यांना वाटलं. पुढे संगणकांची जाळी सुरळीत चालवणारा एक पायाभूत नियम त्यांनीच शोधला. इतक्या मोठ्या बाईला बालवाडीची लाज वाटावी लागली! बालवाडीचं काम ‘बायकांचं’, म्हणून हलकं. आपल्या ताईंचं मानधन इतकं का, याचं उत्तर तिथेही आहे.

आपल्याकडचंही एक नाव सांगते. ए. ललिता. अठराव्या वर्षी विधवा, कडेवर चार महिन्यांची मुलगी. वडिलांच्या पाठिंब्याने त्या मद्रासजवळच्या गिंडी इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेल्या आणि १९४३ साली विद्युत अभियंता होऊन बाहेर पडल्या. भारतातल्या पहिल्या महिला अभियंत्यांपैकी एक. घरातल्या एका माणसाने दार उघडलं तर काय होतं, त्याचं हे उदाहरण. आणि दार न उघडलेल्या किती असतील, त्याची मोजदाद कुठेच नाही.

आता आमच्या वस्तीत परत येऊ. आम्ही काय केलं?

पहिलं म्हणजे किल्ली. ती मागायला मी एकटी गेले नाही. आयांची बैठक घेतली, ठराव केला, पंचवीसजणींच्या सह्या आणि अंगठे घेतले: यंत्रं बालवाडीची आहेत, किल्ली ताईकडे राहील, आणि मोडतोड झाली तर ताईच्या मानधनातून एक पैसाही कापला जाणार नाही. पदाधिकारी म्हणाले, “एवढ्याशा खेळण्यासाठी एवढ्या बायका?” एक आजी म्हणाली, “खेळणंच आहे ना, मग द्या की.” किल्ली मिळाली.

दुसरं, मुलांच्या आधी ताई शिकल्या. तीन दुपारी आम्ही दार लावून, मुलांशिवाय, यंत्र घेऊन बसलो. ते भिंतीवर आपटलं, उलटं झालं. हसून हसून पुरेवाट झाली. ताईचा हात तेव्हा मोकळा झाला.

तिसरं, नियम. गट तीन-तीनचे. एक मूल वाट आखणार, एक बटण दाबणार, एक चूक शोधणार. टाळी वाजली की कामं बदलणार. फुलं मांडणं आणि चटई झाडणं हेही पाळीपाळीने, मुलग्यांसकट. आठवड्यातून एक तास फक्त मुलींचा. काही आयांनीच विचारलं, वेगळा तास कशाला? मी म्हटलं, ज्यांना ताटात कायम शेवटी वाढलं जातं त्यांना एकदा आधी वाढून बघू.

चौथं, यंत्र नसतानाही शिकणं. खडूने जमिनीवर चौकटी आखायच्या. एक मूल यंत्र होणार, बाकीची सूचना देणार. सांगितलं तेवढंच करायचं, मनाने काही नाही. याला पैसा लागत नाही. तुमच्या बालवाडीत माठ फुटका असला तरी हे उद्यापासून करता येईल. ठिपके मोजून रांगोळी काढणाऱ्या आपल्या सगळ्याजणींना हे येतं, फक्त त्याला कुणी अभियांत्रिकी म्हटलं नाही.

एक दिवस एका मुलीचे वडील, यंत्रमाग कामगार, बालवाडीत डोकावले. खडूच्या चौकटी बघून म्हणाले, “हे तर आमचंच.” दुसऱ्या दिवशी त्यांनी जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे आणून दाखवले. सोलापुरी चादरीवरची नक्षी त्या पुठ्ठ्यांवर चालते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एका ओळीला एक पुठ्ठा. एडा लव्हलेसने आपल्या यंत्राची तुलना याच मागाशी केली होती, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे आम्ही एवढी वर्षं तेच करतोय?” त्या माणसाचा चेहरा मला विसरता येत नाही. माग बंद पडत चालल्याचं दुःख त्यात होतंच, पण एक ताठपणाही होता.

आता त्या मुलीबद्दल, जिने पहिल्या दिवशी यंत्र फक्त पुसलं होतं. तिला आपण छोटी म्हणू. या यंत्राची एक खोड आहे. आधीच्या सूचना पुसल्या नाहीत तर नव्या सूचना त्यांच्या मागे जोडल्या जातात. मग यंत्र आधी जुन्या वाटेने जातं आणि नंतर नव्या. मुलं गोंधळतात, म्हणतात बिघडलं. एकदा असंच झालं. मुलगे यंत्र हलवून, ठोकून बघत होते. छोटी बाजूला बसून बोटांवर काहीतरी मोजत होती. मग उठली आणि तेलुगू-मराठीत म्हणाली, “बिघडलं नाही. कालचं अजून त्याच्या डोक्यात आहे. आधी ते पुसा.” आयांच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा हशा पिकला. एक जण म्हणाली, “आमच्या घरातल्या माणसांना असं बटण असतं तर!”

पण मला आज जास्त सांगायचं आहे ते छोटीच्या अक्काबद्दल. वय पंधरा. आठवीनंतर शाळा सुटली. आईचा कोटा पुरा व्हावा म्हणून तीही विड्या वळायला बसते. छोटीला न्यायला रोज यायची, दारात उभी राहायची. हळूहळू लवकर येऊ लागली. मग एक दिवस आत आली आणि म्हणाली, “ताई, हिला वळायला दोनच दिशा का? तिरकं जायचं असलं तर?” मला उत्तर येत नव्हतं. आम्ही दोघी खडू घेऊन बसलो. तिने जिन्यासारख्या पायऱ्या आखून तिरकी वाट काढली.

अशा मुलीसाठी काय आहे, ते मी शोधलं. शासनाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २०१६ पासून शाळांमध्ये निघाल्या, सहावी ते बारावीसाठी. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावीपासून प्रोग्रामिंग शिकवण्याची गोष्ट आहे. हे चांगलंच आहे. पण हे सगळं शाळेत आहे, आणि अक्का शाळेत नाही. ‘असर’ च्या २०२३ च्या पाहणीत, ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे कपाट फक्त आमच्या मंडळाच्या खोलीत नाही.

अक्काच्या आईने मला सरळ विचारलं, “यानं हिला नोकरी लागेल का?” मी म्हटलं, नाही, यानं लागणार नाही. खोटं मी बोलणार नाही. बाजारात जाहिराती आहेत, चार वर्षांच्या मुलाला आज प्रोग्रामिंग शिकवलं नाही तर तो मागे पडेल अशी भीती आईबापांना घालणाऱ्या. त्यांच्या पंगतीत आपण बसायचं नाही. मधमाशी चालवून कुणी श्रीमंत होत नाही. होतं ते एवढंच, की चुकलं तर ‘मी मूर्ख’ असं न म्हणता ‘कुठलं पाऊल चुकलं’ असं म्हणायची सवय लागते. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एवढं तरी मला कुणी शिकवलं असतं तर!”

अक्काने दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज भरला आहे. त्याच महिन्यात घरात तिच्या लग्नाची बोलणीही निघाली आहेत. दोन्हीतलं काय आधी होईल ते मला माहीत नाही. तिची आई, ताई आणि आमची वस्तीतली बायकांची बैठक, आम्ही अठरा वर्षांचा कायदा हातात घेऊन उभ्या आहोत. पण कायदा सांगणं सोपं. रोज हजार विड्यांचा हिशोब ज्या घरात आहे तिथे एक जोडी हात कमी करणं सोपं नाही. त्याचं उत्तर यंत्रमानवाकडे नाही. ते मजुरीच्या दरात आहे, शाळेच्या वेळांत आहे, पाळणाघरांत आहे. ज्येष्ठ मैत्रिणीला म्हणूनच सांगते: संडासाची आणि माठाची मागणी सोडायची नाही. पण ‘आधी संडास, मग बाकीचं’ असं म्हणत आपण मुलींच्या वाट्याला कायम आधीचंच ठेवतो, आणि मगचं मुलगे घेऊन जातात.

तर परत जाल तेव्हा यंत्र विकत घेऊ नका. आधी तुमच्या बालवाडीतलं कपाट बघा. त्यात काय आहे, ते कुणासाठी आलं होतं, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे, एवढं विचारा. आणि पुढच्या शिबिरात काय उत्तर मिळालं ते आम्हाला सांगा. मी अक्काचं काय झालं ते सांगेन.